कंट्रोल तुझ्याकडे

१

परीक्षेला नऊ दिवस उरले होते आणि तिच्या खोलीत विमान उभं होतं. विमान म्हणजे दोन खुर्च्या, शेजारी शेजारी, तोंडं भिंतीकडे. भिंतीवर कागदाचं छापील पॅनेल चिकटवलेलं. त्यात उंचीचा काटा, वेगाचा काटा, मधोमध विमान किती कललंय ते दाखवणारं निळं-तपकिरी कृत्रिम क्षितिज. रोज सकाळी सहाला ती उजव्या खुर्चीत बसायची आणि डावीकडच्या रिकाम्या खुर्चीला तासभर विमान शिकवायची.

विमान चालवणं तिला येत होतंच. ढगात शिरल्यावर, बाहेरचं काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर चालवणंही येत होतं. आता प्रश्न होता ते दुसऱ्याला शिकवण्याचा. त्याच्या परवान्यासाठी आपण उजव्या सीटवर बसायचं, डावीकडे परीक्षक विद्यार्थ्याचं सोंग घेऊन बसतो, मुद्दाम चुका करतो, आणि आपण न चिडता नुसत्या तोंडानं त्याला मार्गावर आणायचं. पहिल्या खेपेला ती इथेच आपटली होती. परीक्षकानं विमान जरा तिरपं केलं न केलं तोच तिनं झडप घालून योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, त्याच्या हातून काढून घेतला. एकदा नाही, तीनदा.

"घाईबाई," तिचे मास्तर तेव्हा म्हणाले होते, "विद्यार्थ्याला निदान चुकू तरी द्या." तेव्हापासून फ्लाइंग क्लबात तिचं नावच घाईबाई पडलं.

मास्तर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांची जागा क्लबानं तिच्यासाठी राखून ठेवली होती, पण फक्त या एका परीक्षेपुरती. ती पुन्हा नापास झाली तर दुसऱ्या गावचे एक गृहस्थ बॅग भरून तयारच बसले होते. तिचा पहिला विद्यार्थीही ठरला होता, एक गुरांचे डॉक्टर. ते दर दोन दिवसांनी फोन करून विचारत, "मॅडम, झालात का पास?" तिला त्या फोनची लाज वाटायची आणि गंमतही.

रिकाम्या खुर्चीला शिकवायची युक्ती मास्तरांचीच. "हात मांडीखाली दाबून बस. समोर कोणी आहे असं समज. त्याला नाव दे, नाहीतर भिंतीशी बोलल्यासारखं होईल." तिनं नाव दिलं, ठोंब्या. मास्तरांचा दुसरा नियम मात्र युक्ती नव्हता, तो कायदाच होता. विमान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देताना तीनदा बोलायचं. देणारा म्हणतो, "कंट्रोल तुझ्याकडे." घेणारा म्हणतो, "माझ्याकडे." देणारा पुन्हा म्हणतो, "तुझ्याकडे." परत घेतानाही तसंच, फक्त उलट: घेणारा म्हणतो, "कंट्रोल माझ्याकडे," सोडणारा म्हणतो, "तुमच्याकडे," घेणारा पुन्हा, "माझ्याकडे." "तिसरं वाक्य ऐकू येईपर्यंत व्यवहार पुरा झाला असं मानायचं नाही," मास्तर सांगायचे. "दोघांनाही वाटतं, दुसरा चालवतोय. अशी किती विमानं गेली."

त्या सकाळी धडा सुरू करताना तिच्या लक्षात आलं, डावी खुर्ची पुढे सरकलेली आहे. फार नाही, वीतभर. उंचीनं कमी असलेला माणूस पॅनेलजवळ सरकून बसतो तशी.

"आई, खुर्ची हलवलीस का गं?"

"मी कशाला हलवू तुझं विमान," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

झाडताना सरकली असेल, असं म्हणून तिनं ती मागे घेतली आणि शिकवायला लागली.

२

क्लबाच्या ऑफिसमागे बिनखिडकीची एक खोली होती. तिथे जुना सिम्युलेटर होता. दोन सीटा, एकमेकांना जोडलेले दोन योक, समोर करड्या ढगांचा पडदा. कोपऱ्यात प्रिंटर. उड्डाण संपलं की विमान कुठून कसं गेलं त्याची रेघ तो कागदावर काढून द्यायचा.

इथला सराव सोपा होता. ऑटोपायलटचं बटण दाबायचं म्हणजे यंत्र स्वतःच विमान सरळ नेतं. मग हात मांडीखाली घ्यायचे आणि जणू ठोंब्याच चालवतोय असं बोलत राहायचं. शिकवायचा होता अप्रोच, म्हणजे ढगातून दोन काट्यांच्या भरवशावर धावपट्टीच्या तोंडाशी उतरत येणं. दोनशे फुटांवर तो संपतो. तिथे काट्यांवरची नजर उचलून बाहेर पाहायचं. तिचा धडाही तिथेच संपायचा. ती मेन स्विच बंद करायची आणि पुढचा अप्रोच पहिल्यापासून सुरू. दिवसाला पाच-सहा व्हायचे.

परीक्षेला आठ दिवस असताना प्रिंटरनं रेघ काढली ती वेडीवाकडी. डावीकडे गेलेली, मग गडबडीनं उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

ऑटोपायलट बिघडला, हा तिचा पहिला विचार. तिनं वाकून पाहिलं. बटणाचा हिरवा दिवा लागलेलाच नव्हता. ती घाईघाईत ते दाबायलाच विसरली होती.

ती परत सीटवर बसली आणि हिशेब मांडायला लागली. योक मोकळा सोडला तर हा सिम्युलेटर दोन मिनिटांत गिरक्या खात खाली जातो, हे क्लबातलं पोरगंसोरगंही सांगेल. आणि इथे रेघ चौदा मिनिटांची होती. विमान मार्ग सोडत होतं, पण परत येत होतं. काटा डावीकडे पळाला की त्याच्यामागे धावायचं, तो उजवीकडे पळाला की तिकडे. पहिल्या आठवड्यातला प्रत्येक विद्यार्थी हेच करतो. तिनंही केलं होतं.

क्लबाच्या मेकॅनिकनं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि झाकण लावलं. "जुनं झालंय," तो म्हणाला. "करतं असं."

तिला ते लगेच पटलं. पटवून घ्यायला तिला फारसा वेळ लागला नाही, कारण आत कुठेतरी तिला भलताच आनंद झाला होता आणि त्याचं कारण तिला स्वतःशी बोलायचं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी तिनं बटण मुद्दाम दाबलं नाही.

"हे बघ ठोंब्या," ती म्हणाली, "काट्याच्या मागे धावायचं नाही. थोडं वळव, थांब, बघ. मग हवं तर आणखी थोडं." हात मांडीखाली, नजर समोर. योक तिच्या पुढ्यात हळूच हलत होता. सिम्युलेटरची मोटर हलवते, ती स्वतःला म्हणाली. मोटर कधी थांबून विचार करत नाही, हेही तिला दिसत होतं. योक थोडा वळला, थांबला, मग आणखी थोडा वळला.

त्या दिवशीची रेघ निम्म्यानं सरळ झाली होती.

घाबरायला हवं होतं, आणि अंगावर काटा आला तोही खोटा नव्हता. पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीत उसळलं. तिला शिकवता येत होतं. हात न लावता, नुसतं बोलून. पहिल्या परीक्षेनंतर सहा महिने जे स्वतःबद्दल वाटलं होतं ते सगळं त्या एका रेघेनं धुऊन काढलं. घरी जाताना ती रस्त्यात शीळ घालत होती आणि फुलवाल्यानं दोनदा वळून पाहिलं तरी थांबली नाही.

आठवडाभर हेच चाललं. तिनं कागद खोलीत ओळीनं चिकटवले. ठोंब्या वळताना नेहमी जरा डावीकडे कलतो, हे तिला चौथ्या दिवशी कळलं. वेग कमी झाला की तो श्वास रोखल्यासारखा योक घट्ट धरतो, हे पाचव्या. ती त्याला बोलून सैल करायची. आई चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेऊन निवृत्त झाली होती, तिचा मंत्र इथे लागू पडला. "चुकलं की मनात पाच मोजायचे," आई सांगायची. "पाचच्या आत निम्मी पोरं आपलं आपण खोडतात." ती पाच मोजायची. ठोंब्या बहुतेक तिनाला सुधारायचा.

"रंगात आलंय तुझं शिकवणं," सहाव्या सकाळी आई चहा घेऊन आली. "फक्त त्याचा आवाज काढतेस तो जरा बरा काढ. घशात काहीतरी अडकल्यासारखा वाटतो."

"कुणाचा आवाज?"

"त्या ठोंब्याचा. तू म्हणतेस ना, कंट्रोल तुझ्याकडे. मग तो म्हणतो, माझ्याकडे."

ती कप धरून उभी राहिली. ठोंब्याच्या उत्तरासाठी ती जागा सोडायची, हे खरं. एक श्वास गप्प राहायची. त्याच्या वाटचं ती कधीच बोलली नव्हती.

"पडसं झालंय मला," ती आईला म्हणाली. डावी खुर्ची पुन्हा वीतभर पुढे होती. यावेळी तिनं ती मागे घेतली नाही.

४

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर शेवटचा सराव बघायला आले. सिम्युलेटरच्या डाव्या सीटवर बसले आणि बसल्याबसल्या उठले.

"कोण बसलं होतं इथे?"

"कुणी नाही."

"सीट गरम आहे." त्यांनी सीटवर तळवा ठेवला, मग तो पँटला पुसला. "राहू दे. मी मागे उभा राहून बघतो."

तिनं ऑटोपायलटचं बटण दाबल्यासारखं केलं आणि धडा घेतला. मास्तर मागे उभे. तिचं बोलणं झकास चाललं होतं, तिलाच कळत होतं. दोनशे फूट. तिनं सवयीनं मेन स्विच बंद केला. पडदा काळा झाला.

मास्तर प्रिंटरपाशी गेले. प्रिंटरमधला कागद त्यांनी हातात घेतला. रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती, फक्त वळणापाशी किंचित डावीकडे कललेली.

"पास होशील," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं, पण ते रिकाम्या सीटकडे बघत होते. "एक सांगतो, ऐकशील?"

"सांगा ना."

"देतेस छान. परत कधी घेतेस?"

"म्हणजे?"

"मघापासून बघतोय. कंट्रोल देतेस आणि शेवटी स्विच बंद करतेस. विद्यार्थ्याकडून विमान परत मागितलेलं मी एकदाही ऐकलं नाही. तेही शिकवावं लागतं, घाईबाई. सोडणंसुद्धा शिकवावं लागतं."

"तेवढं येतं हो सर," ती हसून म्हणाली. हिसकावण्यातच तर तिचं नाव झालं होतं. डोक्यात उद्याचं हवामान होतं, नकाशे होते, आई कोणती साडी नेसून येणार हेही होतं. एक धडा राहिला, एवढंच त्याचं महत्त्व तिला तेव्हा वाटलं.

५

सकाळ ढगाळ होती, परीक्षेला हवी तशीच. परीक्षक बारीक चणीचे, मऊ आवाजाचे, गुडघ्यावर पॅड आणि कानामागे पेन. जमिनीवरचे प्रश्न तासाभरात उरकले. दहाला विमान वर गेलं आणि करड्या कापसात शिरलं.

परीक्षकांनी ठरल्याप्रमाणे विद्यार्थ्याचं सोंग घेतलं. विमान तिरपं केलं. वेग घालवला. उंची विसरले. तिनं हात मांडीखाली ठेवले, पाच मोजले, शब्दांनी त्यांना परत आणलं. परीक्षकांचं पेन दोनदा भराभर चाललं, आणि ती वाईट खूण नव्हती. मग त्यांनी तीन वाक्यांच्या रीतीनं विमान तिच्या हाती परत दिलं.

"आता शेवटचा अप्रोच," ते म्हणाले. "शिकव."

ती सावरून बसली. आठ दिवसांत चाळीस वेळा केलेली गोष्ट. "कंट्रोल तुझ्याकडे," ती म्हणाली.

"माझ्याकडे," डावीकडून उत्तर आलं. आवाज घोगरा होता.

"तुझ्याकडे." हात मांडीखाली.

त्यानंतरची सहा मिनिटं तिच्या आयुष्यातली सर्वात सुंदर होती. ती बोलत होती आणि विमान ऐकत होतं. थोडं वळव, थांब, बघ. दोन्ही काटे मधोमध. वळणापाशी विमान जरा डावीकडे कललं आणि ती मनात हसली. परीक्षकही नेमकी हीच चूक करतात म्हणजे कमाल आहे. "डावीकडे जातोयस," ती म्हणाली. एक, दोन, तीन. विमान सरळ झालं.

पाचशे फूट. वेग थोडा कमी झाला, आणि योक जागच्या जागी ताठ झाला. श्वास रोखून धरल्यासारखा.

तेव्हा तिनं डावीकडे पाहिलं. पाहायला नको होतं, नजर काट्यांवर हवी होती. परीक्षक खाली मान घालून लिहीत होते. उजव्या हातात पेन होतं. डाव्या हातानं पॅड धरलं होतं. त्यांच्यासमोरचा योक मुठींपाशी किंचित दबलेला होता. योकचं रबर बोटांखाली दबतं तसं, दोन्ही बाजूंना चार चार ठिकाणी.

तिनं नजर समोर आणली. चारशे फूट.

"कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणाली. हात योकवर ठेवले.

उत्तर आलं नाही. योक हलला नाही. कुणीतरी पूर्ण ताकदीनं धरलेला योक कसा लागतो हे तिला ठाऊक होतं. तीनशे पन्नास. हिसकाव, सगळं अंग ओरडत होतं. तिनं पहिल्या परीक्षेत हिसकावलं होतं, आणि आता हिसकावलं तर दोघांच्या ओढाताणीत विमान कुठे जाईल, तेही तिला ठाऊक होतं.

"छान चालवलंस," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला आईचा वाटला, पहिलीच्या वर्गातला. "खूप छान. आता बोटं सैल कर. एकेक. करंगळी आधी. मी आहे इथे, पडणार नाही विमान. आता दुसरं बोट. घाई नाही."

तीनशे. अडीचशे. रबर एकेका ठिकाणी वर येत होतं. दोनशे. तिनं बाहेर पाहिलं आणि ढग फाटून धावपट्टीचे दिवे समोर आले, जसे यायला हवेत तसे, मधोमध. योक तिच्या हातात हलका झाला. चाकं टेकली तेव्हा परीक्षकांचं पेनसुद्धा हललं नाही.

६

"पास," परीक्षक शेडजवळ उतरताना म्हणाले आणि मग थोडे हसले. "मी म्हटलं होतं, शिकव, म्हणजे स्वतः चालवत बोलून दाखव. तू तर नाटकच केलंस. दोघांची कामं एकटीनं. आवाजही बरा बदलतेस."

तिनं वळून डाव्या सीटकडे पाहिलं.

"पण नाटक करायचं तर पुरं करावं. परत घेताना विद्यार्थ्याचं 'तुमच्याकडे' राहिलं. तेवढी एक चूक लिहिलीय." त्यांनी तिच्याशी हात मिळवला आणि ते ऑफिसकडे निघाले.

कुंपणापाशी आई उभी होती, डोळे पुसत. शेजारी मास्तर. ती त्यांच्याकडे धावली नाही, तिनं जागेवरच दोन उड्या मारल्या आणि मग तिला रडू फुटलं. सहा महिन्यांचं ओझं उतरलं होतं. आता ती इन्स्ट्रक्टर होती. जे झालं त्याला काहीतरी कारण असेल, परीक्षकांचा गुडघा, तारेत अडकलेलं काही, ताण. ताणात माणसाला काय काय दिसतं.

वाऱ्यानं पंखांवरच्या झडपा हलू नयेत म्हणून विमान उभं केलं की योकला अडसराची खीळ लावतात. ती खीळ घेऊन उजव्या दारानं आत चढली. किल्ली खिशात होती, इंजिन थंड होत आलं होतं.

"मॅडम, अभिनंदन." गुरांचे डॉक्टर डाव्या बाजूनं येत होते, फुलांचा एवढा मोठा गुच्छ घेऊन. "मी तर सकाळपासून इथेच आहे. पाच मिनिटं बसून बघू का माझ्या सीटवर?" त्यांनी डावं दार उघडलं आणि एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा.

तिनं त्या सीटकडे पाहिलं. परीक्षक उतरले तेव्हा पट्टा मोकळा सोडून गेले होते, तिनं स्वतः पाहिलं होतं. आता तो लावलेला होता. बक्कल बंद, आणि पट्टा ताणलेला, मधल्या रिकाम्या जागेभोवती. सीट वीतभर पुढे होती.

"थांबा, डॉक्टर," ती म्हणाली. "पाय खाली घ्या."

"का, काय झालं?"

ती त्यांच्याशी बोलत नव्हती. तिनं आपल्या बाजूच्या योकवर हात ठेवला. तो घट्ट होता. मास्तर कुंपणापाशी हलायचे थांबले होते आणि इकडेच बघत होते.

"कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणाली, जितक्या शांतपणे म्हणता येईल तितक्या. आणि वाट पाहिली. एक. दोन. तीन. चार. डॉक्टर पायरीवर एक पाय ठेवून हसत उभे होते.

पाचाला डावीकडून उत्तर आलं. घोगरं, पण चुणचुणीत, धडा पाठ असलेल्या पोरासारखं. तिनं शिकवलेलं एकच उत्तर.

"माझ्याकडे."